एका डिस्कवर दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं म्हणणाऱ्याने कम्प्युटर पाहिलेला नसावा. या घरातल्या थोरल्या सुनेने एकाच डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवलं आणि दोघं सुखाने नांदू लागली. भांडण होतं ते सुनेचं आणि दिराचं.

ती घरी बसून, घरातल्या एकुलत्या कम्प्युटरवर, इमारतींचे नकाशे काढी. दीर एका कंत्राटदाराकडे त्याच कामाला होता. कंत्राटदार बाहेरच्यांचेही नकाशे मागवी. मागच्या खेपेला ती वाचनालयाचा नकाशा द्यायला गेली, तर तिथे तोच आधीपासून भिंतीवर, खाली दिराची सही. त्यावर त्याला बढतीही मिळाली.

"दोन माणसांना सारखंच सुचू शकतं, वहिनी," दीर म्हणाला.

"घरातलाच आहे, जाऊ दे," म्हणून नवऱ्याने विषय मिटवला. तिने मिटवला नाही. तिने डिस्कचे दोन भाग केले.

आता मशीन सुरू झालं की काळ्या पडद्यावर विचारी, कुठली सिस्टिम उघडू? काही न दाबल्यास विंडोज उघडे. दिराने आयुष्यात पडद्यावरचं काही वाचलं नव्हतं, त्यामुळे त्याला विंडोजच मिळे, आणि विंडोजला शेजारचं बिऱ्हाड उघडता येत नसे.

कंत्राटदाराने दवाखान्याचे नकाशे मागवले. तिने खरा नकाशा लिनक्समध्ये, पासवर्डाआड ठेवला. विंडोजमध्ये अगदी समोर दुसरा ठेवला: सुबक, मापं चोख, फक्त तपासणीच्या खोलीला दार नाही. मग जेवून ती आतल्या खोलीत आडवी झाली. बाहेर पेनड्राइव्ह लावल्याचा टिंग आवाज झाला. कुणाला गाण्याने लागते, तशी तिला त्या आवाजाने झोप लागली.

दोन दिवसांनी दीर तणतणत घरी आला.

"वहिनी, तुमच्या नकाशात दारच नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, पेशंट काय भिंतीतून जाणार?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नवी पद्धत आहे म्हणालो."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हिचा नकाशा तुझ्या हातात कसा आला रे?"

नवऱ्याने वर्तमानपत्र उगाच उलटं-सुलटं केलं. या वेळी त्याला "जाऊ दे" म्हणायचं सुचलं नाही.

"साहेबांनी उद्यापर्यंत मुदत दिलीय," दीर खालच्या आवाजात म्हणाला. "दुरुस्त केलेला असेल तर द्या ना, वहिनी."

तिने मशीन सुरू केलं, लिनक्स निवडलं आणि खरा नकाशा उघडून त्याला खुर्चीत बसवलं. रुंद दार, बाहेर बाकं, खिडकीतून उजेड. दीर बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा हात खिशाकडे गेला.

"पेनड्राइव्ह राहू द्या. नुसतं बघा."

सकाळी तिने स्वतःच्या सहीचा नकाशा गुंडाळून काखेत घेतला आणि दिराच्या स्कूटरवर मागे बसली.

"साहेबांना काय सांगणार तुम्ही?"

"सगळं," ती म्हणाली. "वाचनालयापासून. चला, उशीर होतोय."