परटाच्या हातावर दही

घाटाच्या खाली आणि समुद्राच्या अलीकडे जेवढी म्हणून माणसे जन्माला आली, त्यांत आयुष्यभर आभाळाकडे पाहत चालणारा आणि तरी सत्तरीपर्यंत दोन्ही पायांवर उभा राहिलेला माणूस एकच झाला. तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. वाटेत ते कुठे पडले नाहीत असे मात्र समजू नका. उल्हास नदीत ते दोनदा पडले, एका लग्नघराच्या चुलखंडात एकदा, आणि शेणाच्या खड्ड्यात किती वेळा ते आत्याच सांगू शके, कारण धोतरे तिला धुवावी लागत. पण पडतानासुद्धा त्यांची मान वरच असे. खालापूरच्या कचेरीत तीस वर्षे कारकुनी करून ते कर्जतला येऊन राहिले, आणि पेन्शनीत निघालेली माणसे देवाकडे वळतात तसे हे पाखरांकडे वळले. फाल्गुन लागला की घरात राहणे त्यांना जमतच नसे. थंडीपुरती आलेली पाखरे उत्तरेला परतू लागत, आणि त्यांना निरोप द्यायला आपण हजर नसलो तर ती अपमान मानून पुढच्या साली येणार नाहीत, अशी त्यांची समजूत होती.

कुणा साहेबाच्या लिलावात त्यांना एका डोळ्याची दुर्बीण मिळाली होती. ती घेऊन ते पळसदरीच्या रुळांकाठी उभे राहत आणि तारेवर रांगेने बसलेल्या पाकोळ्या मोजत. एकदा रेल्वेच्या पहारेकऱ्याने त्यांना हटकले, "काय बघता?" आतोबांनी दुर्बीण न काढता सांगितले, "जाणारे किती, ते." पहारेकऱ्याला वाटले, हा मनुष्य वरून आलेला तपासनीस आहे. त्याने स्वतःच्या मुंडाशाने दिव्याची काच पुसली आणि आतोबांना बसायला घोंगडी दिली. पाहिले ते सारे संध्याकाळी वहीत उतरे. सावरीवर भोरड्यांचा थवा, अमुक तिथी. पाकोळ्या निघाल्या, अमुक तिथी. त्या वहीत खोटे अक्षर नव्हते. एकदा आत्या धावत आली, "अहो, परसात नवरंग आलाय!" हे जाईपर्यंत तो उडाला. आत्या म्हणाली, "लिहा की, मी पाहिला ना!" आतोबा म्हणाले, "तू पाहिलास. वही माझी आहे." तिने दोन दिवस त्यांच्या आमटीत मीठ घातले नाही. तरी नवरंग वहीत गेला नाही तो नाहीच.

पण या वेडाची खरी किंमत पडली ती त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, गोदूच्या लग्नात. स्थळ थेट ग्वाल्हेरचे, घराणे मोठे, आणि त्याहून मोठा त्या घराण्याचा मान. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टके शेवटाला आलेली, मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि तेवढ्यात मांडवाच्या फटीतून पांगाऱ्याकडे पाहत असलेल्या वधूपित्याने टाहो फोडला, "गेले! सगळे गेले!" भोरड्यांचा थवा उडाला होता. पण खांबाला टेकून वराचे आजोबा मान टाकून झोपले होते, आणि साऱ्या वऱ्हाडाची नजर त्यांच्यावर गेली. बायकांनी गळे काढले. दोघातिघांनी त्यांना उचलून आडवे केले. तेव्हा म्हाताऱ्याने डोळे उघडून विचारले, "पाने मांडली का?" मी त्या दिवशी इतका हसलो की मला मांडवाबाहेर काढावे लागले. आज ते हसू आठवले की लाज वाटते. व्याही हसले नाहीत. अशा मंगल वेळी असे अभद्र बोलणाऱ्या वेड्याच्या घरी आमची सून पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असे म्हणून त्यांनी लग्न लागताच वरात स्टेशनावर नेली. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचे आणि त्याने 'येते' म्हणायचे, एवढेसुद्धा झाले नाही. आत्या दह्याची वाटी घेऊन फाटकापर्यंत धावली. गाडी सुटली, आणि वाटी घेऊन ती परत आली.

त्यानंतर सहा वर्षे गोदू माहेरी आली नाही. 'पुढल्या वर्षी पाठवू' असे व्याह्यांचे पत्र दरसाल येई. आतोबांनी स्वतः जावे, तर मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी पिऊ नये, ही आपली रीत. आणि गोदूची कूस उजवली नव्हती. म्हणजे तिने यायचे नाही आणि यांनी जायचे नाही. या दोन नाहींच्या मध्ये एक परीट सापडला.

परीट तुम्ही पाहिला असेल. पांढरा-करडा, चिमणीहून लांबट, आणि शेपटी सारखी खाली-वर करणारा पक्षी. दसऱ्याच्या सुमारास येतो, पाडव्याच्या आसपास उत्तरेला जातो. आतोबांच्या अंगणात गोदूच्या लग्नाआधीपासून येणाऱ्या परटाच्या उजव्या पायाला एक बोट कमी होते, त्यामुळे दरसाल तोच येतो हे निश्चित होते. आतोबांनी ठरवून टाकले की हा ग्वाल्हेरवरून जातो. "मला तिथले पाणी चालत नाही," ते मला म्हणाले, "त्याला चालते." तेव्हापासून पाडवा आला की रोज पहाटे ते तुळशीजवळच्या दगडावर दह्याचा ठिपका ठेवत आणि हात जोडून म्हणत, "या हं." परीट दह्याकडे ढुंकूनही पाहत नसे. ते मांजर खाई. आत्या म्हणे, "परटाच्या नावावर मांजर बाळसे धरतेय." पळसदरीचा गोमा लाकडाची मोळी घेऊन येई, तोही सोडीत नसे.

"काय वो रावसाब, जावई हाय का गेला?"

"आहे रे. दोन दिवसांचा पाहुणा."

"बरा जावई तुमचा. किडं खातो न् गप ऱ्हातो. आमचा कोंबडी मागतो!"

परीट दिसेनासा झाला की आतोबा ग्वाल्हेरला कार्ड टाकत, 'आपला आज निघाला. वाट पाहणे.' आणि महिन्याच्या आत गोदूचे उत्तर येई, 'आपला आला. पाय तसाच.' ते कार्ड आतोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत, आणि वहीत लिहीत, 'पोहोचला.' वहीत स्वतः न पाहिलेली एवढीच एक गोष्ट होती.

सहाव्या वर्षी परीट निघायचे नावच घेईना. पाडवा झाला, रामनवमी झाली, तरी स्वारी अंगणात शेपटी हलवीत. आतोबा काळजीत पडले, म्हणाले, "तिकडे ती वाट पाहत असेल रे." त्या दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो, गोमा मोळी उतरवीत होता, आत्या तांदूळ पाखडत होती. आतोबांचे कार्ड अजून गेलेच नव्हते, तरी टपालवाल्याने गोदूचे कार्ड आणून दिले. आतोबांनी मोठ्याने वाचले, "तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. आपला परवा आला. पाय तसाच. वाटीत पाणी ठेवले होते, ते प्याला."

मी चार बुके इंग्रजी शिकलेला. मौजेच्या जागी बोट घालायची मला उपजत खोड. मी कार्ड ओढून शिक्का वाचला आणि टाळी वाजवून ओरडलो, "आतोबा, हे तर आठ दिवसांपूर्वीचे! आणि तुमचा जावई हा काय, तुळशीपाशी!"

सुपातले तांदूळ पाखडायचे थांबले.

आतोबा उठले. आत जाऊन पंचांग घेऊन आले. "तिकडे महिना आपल्याआधी पंधरा दिवस लागतो," ते म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. मोजता मोजता बोटे थांबली. टपालाच्या शिक्क्याला पंचांग लागत नाही, हे तीस वर्षे कचेरीत बसलेल्या माणसाला मी काय सांगणार? तेवढ्यात तो परीट टुणटुणत ओटीच्या पायरीशी आला आणि उजवा पाय उचलून उभा राहिला. चार हातांवर होता. तरी आतोबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, "हा आपला नव्हे."

"आँ? नाय कसा?" गोमा म्हणाला. "त्योच की वो, लंगडा..."

"गोमा," आत्या म्हणाली, "ताक घेतोस का?"

गोमाने तिच्याकडे पाहिले, मग आतोबांकडे. मुंडासे काढून घाम पुसला. "व्हय व्हय," तो हळू आवाजात म्हणाला, "दुसराच हाय ह्यो. आपला जरा गोरा व्हता."

आतोबांनी वही उघडली. त्या वहीत मी पाहिलेली पहिली खोटी ओळ त्यांनी माझ्यासमोर, सुवाच्य अक्षरात लिहिली, 'आपला निघाला तो गोदूकडे पोहोचला. अंगणात आहे तो परका.' मी मान खाली घातली होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "इंग्रजी चांगले येते हो तुला." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला अजून बोचते.

परका म्हटल्यावर त्याला दही कसे घालणार? दुसऱ्या पहाटेपासून दगड कोरडा राहिला. तीन दिवसांनी परीट गेला. त्याला 'या' म्हणायला कोणी नव्हते.

दसरा आला. कोजागिरी झाली, दिवाळी उलटली. अंगणात दुसरे परीट येऊन गेले. आतोबांनी प्रत्येकाचे पाय दुर्बिणीतून पाहिले, सगळ्यांची बोटे मोजून घेतल्यासारखी धड. मग एके दिवशी त्यांनी मला कार्ड टाकायला दिले. टपालपेटीपर्यंत जाता जाता मी ते वाचले, खोड जात नाही. लिहिले होते, 'चि. गोदूस आशीर्वाद. तुझ्याकडचे पाणी पिऊन आपला सुखरूप परत आला. पाय तसाच.'

पुढे आतोबा असेपर्यंत बापलेकींनी तो परीट दरसाल पाठवला आणि दरसाल परत आणला. गोदूला काही त्या काळात कोणी पाठवले नाही. आता माझीही दृष्टी अधू झाली आहे. तरी दसऱ्यानंतर अंगणात परीट उतरला की मी आधी त्याचा उजवा पाय पाहतो, आणि पाडव्याला तुळशीजवळच्या दगडावर दही ठेवतो. मांजर खाते. खाऊ दे.