मुका घ्यायला शिकलो त्याची गोष्ट

लग्नाआधी मी मुके घेतले होते ते फक्त भाचरांचे, तेही त्यांच्या मर्जीविरुद्ध. बाकी सगळं ज्ञान मोबाईलवरचं. सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड बसून, आवाज बंद करून मिळवलेलं. लग्नानंतर आठव्या दिवशी बायको कामं आवरून खोलीत आली आणि मी पाहिलं होतं तसंच केलं. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि झेप घेतली. माझा दात तिच्या ओठात रुतला, रक्त आलं. सकाळी आईनं सुजलेला ओठ पाहून विचारलं तर बायको म्हणाली, "कडक भाकरी लागली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मी तिच्या जवळ गेलोच नाही. लगेच आखाड लागला. नवी नवरी आखाडात सासरी ठेवत नाहीत, म्हणून तिचा भाऊ येऊन तिला माहेरी, करकंबला घेऊन गेला. फोनवर आमची गाडी "जेवलीस का"च्या पुढं सरकेना. नागपंचमी झाल्यावर मी तिला आणायला जायचं ठरलं होतं. मी दोनदा कामाचं निमित्त सांगून टाळलं. काम कसलं, तिनं यायला नकार दिला तर काय, हीच धास्ती होती. शेवटी आईनंच मला घराबाहेर काढलं.

परतताना ती मोटरसायकलवर मागं बसली होती. तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली, आरशात फक्त डोळे दिसत होते. आभाळ भरलेलं, दोन्ही बाजूंना ऊस, कुठंतरी लांब पाण्याच्या मोटारीचा एकसुरी आवाज. गुंगी यावी अशी दुपार होती. हा रस्ता संपूच नये असं मला वाटत होतं. कालव्याजवळ तिनं खांद्यावर थाप मारली.

"थांबा की जरा."

आम्ही उतरलो. ती पाण्याकडं बघत राहिली. आता ही काय बोलणार म्हणून मी उगाच गाडीचा स्टँड पुन्हा लावून पाहिला.

"दोनदा आला न्हाय तुमी. मला वाटलं, मला जमलं न्हाय म्हनून टाकली मला."

माझ्या भित्रेपणापायी ही पोरगी इतके दिवस हे मनात घेऊन वावरली होती.

"तुला काय जमायचं होतं? धसमुसळेपणा माझा," मी म्हणालो. "चुकलो मी."

तिनं ओढणी सोडली. रस्त्यावर मागंपुढं पाहिलं, चिटपाखरू नव्हतं. मी लगेच पुढं सरसावलो, तसा तिचा तळहात माझ्या छातीवर आला.

"घाई न्हाय. हितंच थांबा."

मी थांबलो. वीतभर अंतर असेल. तिचा श्वास हनुवटीला लागत होता. मी डोळे मिटले. उसाची पानं सळसळत होती, कालवा वाहत होता, आणि किती वेळ गेला कुणास ठाऊक, छातीवरचा हात हळूहळू सैल झाला.

मग ती आपणहून आली.