बंदरावरची तोफ

ते प्रकरण आठवलं की अजून हसू येतं. नव्वदच्या दशकातलं आहे. मी नाशिकची. शिपाई म्हणून भरती झाले, खात्याच्या परीक्षा देत फौजदार झाले, आणि बदली आली थेट समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावाला. मासळीचा वास अंगवळणी पडायला वेळ लागला, माणसं मात्र लगेच आवडली.

त्या गावच्या बंदरावर एक जुनी लोखंडी तोफ होती. समोरच्या पडक्या किल्ल्यातून पूर्वजांनी होडीत घालून आणलेली, असं गाव सांगे. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, तिला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय दर्यात जात नसे. सरकारने ती संग्रहालयात न्यायचं ठरवलं. संग्रहालयाचे साहेब गाडी घेऊन आले, तर तोफ जागेवर नाही! चोरीची फिर्याद झाली, तपास माझ्याकडे आला.

खबऱ्याने सांगितलं, आदल्या दिवशी नाशिकच्या सातपूरमधल्या भंगारवाल्याचा ट्रक गावात उभा होता. म्हणजे माझ्याच गावचा माणूस. त्याला उचलून आणलं.

"ताई, होडीचे दोन मोडके नांगर घेतले हो मी. तोफ चढवली असती तर ट्रक घाट चढला असता का?"

"मग कुठे गेली?"

"मला काय ठाऊक? आधी घरी कळवा. बायको म्हणेल, दुसरीकडेच कुठे गेला."

सगळं ठाणं हसलं. पण त्याला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करायचं होतं आणि संशय दाट होता. बिचारा कोठडीत अडकणार, हे मला दिसत होतं.

गावात चौकशी केली. जो तो म्हणे, "आमाला नाय ठाऊक." मला खटकलं ते वेगळंच. एवढी लाडकी तोफ गेली आणि रडतंय कोणीच नाही. मासळी विकणाऱ्या बायकांची पुढारी होती एक आजी. तिने तर मला जेवायलाच बसवलं. "खा गो बाय. दर्यानं नेली आसंल."

सकाळी बंदरावर आजीशेजारी उभी राहून होड्या निघताना बघत होते. खाडीच्या वळणावर पहिल्या तांडेलाने होडी हळू केली, वाकून पाण्यात हात बुडवला, कपाळाला लावला. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्यानेही, अगदी त्याच जागी.

"आजी, नमस्काराची जागा बदलली वाटतं?"

आजी टोपली उचलून निघू लागली. मी म्हटलं, "तुमच्या तोफेपायी एक निरपराध माणूस कोठडीत आहे. आज त्याला कोर्टात नेतेय."

"कोन, तो भंगारवाला? आरं देवा!" आजीने काठावरून हाक मारून होड्या परत बोलावल्या. "बुडवलीत ना? मग हात नाय आवरले तुमचे?"

एक तांडेल खाली बघत म्हणाला, "हात न लावता गेलो आसतो तर तूच शिव्या दिल्या आसत्यास."

ओहोटीला, ज्यांनी बुडवली त्यांनीच दोर लावून ती वर ओढली. पंचनामा केला, कोर्टात अहवाल दिला, भंगारवाला सुटला. बायकांनी त्याच्या ट्रकमध्ये सुक्या बोंबलांची टोपलीच ठेवली.

संग्रहालयाचे साहेब पुन्हा आले. आजीने विचारलं, "तुमच्याकडं हिला हात लावू देतील?"

"नाही आजी. वस्तूंना हात लावायला मनाई असते."

"मंग तिकडं ही काय करनार?"

साहेबांनी स्वतःच तोफेवर हात ठेवला आणि गाडी रिकामीच परत पाठवली.

त्या प्रकरणापासून मी संशयिताला प्रश्न विचारण्याआधी त्याच्या रोजच्या कामात बघायला शिकले. माणूस तोंड सांभाळतो, सवय सांभाळणं त्याला जमत नाही. आणि प्रत्येक लपवाछपवीमागे चोरीच असते असंही नाही, हेही तिथेच कळलं.

तोफ सरकारदफ्तरी नोंदली गेली आणि बंदरावरच राहिली. साहेबांनी चौथरा बांधून घेतला, माहितीची पाटी लावली. 'हात लावू नये' एवढं मात्र त्यांनी तिच्यावर लिहिलं नाही.