अर्धवट बसलेली खिट्टी

सरकारी अवकाश केंद्रात एकतीस वर्षं काढलेल्या त्या तपासनिसाला सगळे भिंगवाले म्हणत. खिशात भिंग असायचंच, आणि नाकावर राग. उपग्रहाचा साधा स्क्रू बसवायचा तरी तिथे दोघं लागत. एकाने बसवायचा, दुसऱ्याने नजर न हलवता पाहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बघितलं." तो शब्द आल्याशिवाय पहिल्याने हात उचलायचा नाही. भिंगवाल्यांच्या "बघितलं"वर भलेभले साहेब डोळे मिटून सह्या करत.

मग दिवस पालटले. एका कुंपणाआड व्हायचं ते काम गावोगाव पांगलं. बॅटरी एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे, रॉकेटात जागा भाड्याने. केंद्राने उपग्रह जोडायचा स्वतःचा हॉलसुद्धा खासगी कंपन्यांना तासांवर द्यायला सुरुवात केली. भिंगवाले निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या लेकीने केंद्रातली पक्की नोकरी सोडली. टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये चौघांना घेऊन ती बुटांच्या खोक्याएवढा उपग्रह करायला बसली. पिकांवरची कीड वरून ओळखणारा. तीन वर्षं तिने त्यापायी सुट्टी म्हणून पाहिली नाही.

"ही कसली भातुकली मांडलीयस?" भिंगवाले एकदा म्हणाले, आणि बापलेकीत महिनाभर अबोला.

तो मोडला तिनेच. झाकण लावायच्या दिवशी फोन केला. "बाबा, शेवटची जोडणी आहे. बघायला तुम्हीच हवेत. पंधरा मिनिटांचं काम."

पंधरा मिनिटं! केंद्रात याला तीन दिवस लागत. ते गेले खरे, पण घुश्शातच. बसायला प्लास्टिकचं स्टूल, कोपऱ्यात गाणी चालू, आणि एक जण तर खुशाल चपला घालून आत आला. लेकीने बॅटरीची वायर खाचेत घातली, ती पकडून ठेवणारी वरची खिट्टी दाबली आणि हात तसाच ठेवून थांबली. शिकवलं होतं ना बापानेच! भिंगवाले मात्र त्या चपलांकडे डोळे वटारून पाहत होते. "बघितलं," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. तिने हात उचलला. झाकण लागलं.

उपग्रह वर गेला, त्याने दोनदा संदेश पाठवला आणि कायमचा गप्प झाला. झाकण लावण्याआधीचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. खिट्टी जराशी वर राहिली होती. उड्डाणाच्या हादऱ्यांनी वायर सैल झाली आणि पुढे निसटलीच. भिंगाचीही गरज नव्हती हो, नुसतं वळून पाहिलं असतं तरी दिसलं असतं!

अहवालात लेकीने लिहिलं, "चूक माझी." ते वाचल्यापासून भिंगवाल्यांना घास गोड लागेना. स्वतःची लाज वाटत होती. आठव्या दिवशी ते शेडमध्ये गेले. चौघांतले दोघं एव्हाना दुसरीकडे नोकरीला लागले होते.

"मी बघितलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "लक्ष दुसरीकडे होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचं तोंड कुठे होतं ते दिसलं होतं मला. पण वाटलं, बाबा म्हणतायत म्हणजे आधीच पाहिलं असेल."

ती भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने त्यांना पाणी दिलं. जमलं तर दोन वर्षांनी दुसरा उपग्रह करू, म्हणाली.

"तेव्हा मी येतो," ते घाईने म्हणाले. "नीट बघतो."

"नको बाबा," ती हळूच म्हणाली. "आता बाहेरच्या कुणाला तरी बोलावू."