माणूस, एक नग

"माणूस ठेवला का?"

जोडणी पूर्ण झाली असं कुणी म्हटलं की ते खुर्ची ओढत यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एवढंच विचारायचे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नट, बोल्ट, पट्ट्या, कप्प्या सगळं जागच्या जागी बसलेलं असायचं. त्यांना त्याचं कौतुक नसे. माणूस उभा केल्याशिवाय यंत्र पुरं होत नाही, हा त्यांचा नियम.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वळ गावच्या भातशेतांत गोदामं उभी राहत होती आणि धामणकर नाक्याजवळच्या आमच्या कारखान्यात त्यांच्यासाठी मालाच्या लिफ्ट बनत होत्या. मी खरेदी बघायचे, ते डिझाइन. एकेक सुटा भाग कॉम्प्युटरवर काढायचा, मग सगळे एका फाइलमध्ये आणून जोडायचे: हे भोक त्या भोकाशी, ही कड त्या कडेशी. तुम्ही हे काम कधी पाहिलं असेल तर ठाऊक असेल, जोडलेला भाग माउसने ओढला की बाकीचे त्याच्याबरोबर हलतात. जोडायचा राहिलेला एकटाच तरंगत निघून जातो. "हा बघा, याला कुणीच नाही," असं म्हणत ते त्याला धरून परत आणायचे.

सगळ्यात शेवटी माणूस. तो त्यांनी स्वतःच्या मापाने बनवला होता. बुटका, पोट थोडं पुढे, कोपरं बाहेर काढून उभा. त्याला चेहरा नव्हता, तरी पाहणारा हसायचा आणि मग त्यांच्याकडे बघायचा.

जोडलेल्या भागांची यादी कॉम्प्युटर आपोआप काढतो. एकदा ती तशीच दुकानदाराकडे फॅक्सने गेली. त्याचा फोन आला, "मॅडम, बाकी सब मिल जाएगा. लेकिन ये चौदह नंबर, आदमी, एक नग. ये लोहे में चाहिए क्या?"

मी तरातरा त्यांच्या टेबलाशी गेले. "यादीतून तेवढा काढून द्यायला काय होतं हो तुम्हाला?"

"यादीतून तुम्ही काढा, ताई. मशीनमधून मी काढत नाही."

मग वळच्या एका गोदामाचं काम आलं. इमारत आधीच बांधून झाली होती. लिफ्टच्या वाटेत, डाव्या बाजूला, वरच्या मजल्याच्या काँक्रीटच्या तुळईचं टोक पुढे आलं होतं. लिफ्टचा प्लॅटफॉर्म त्याच्या अगदी जवळून, पण न घासता जात होता. दोन भाग एकमेकांत घुसले तर पडद्यावर ती जागा लाल होते. लाल काहीच नव्हतं. त्यांनी माणूस आणला, डाव्या कोपऱ्यात हातगाडी धरल्यासारखा उभा केला आणि प्लॅटफॉर्म हळूहळू वर ओढला. तुळईपाशी कोपर लाल झालं. मग खांदा.

त्यांनी प्लॅटफॉर्म खाली आणला, पुन्हा ओढला. पुन्हा लाल.

"डाव्या बाजूला जाळी लावायला पाहिजे," ते कारखान्याच्या शेठना म्हणाले.

"जाळीने जागा खाल्ली की दोन हातगाड्या शेजारी बसत नाहीत. पार्टीला दोन गाड्या पाहिजेत." शेठनी पडद्याकडे बोट केलं. "तो माणूस काढून बघ."

त्यांनी काढला. लाल नाहीसं झालं.

"बघ. सगळं बसतं."

"माणूस काढला की सगळंच बसतं, शेठ."

जाळीशिवायची प्रिंट शेठनी दुसऱ्याकडून काढून घेतली.

लिफ्ट चालवून दाखवायच्या दिवशी मी पोचपावतीवर सही घ्यायला वळला गेले होते. ते रिक्षातून उतरले ते बगलेत पुठ्ठ्याचा माणूस घेऊन. कॉम्प्युटरच्या खोक्यांतून कापलेला, त्यांच्याच उंचीचा.

"चाचा, भाई को भी लाए क्या?" हमाल हसायला लागले.

"भाई नहीं. मैं ही हूँ."

त्यांनी तो सुतळीने डाव्या कोपऱ्यात बांधला, खाली उतरले आणि बटण दाबायला सांगितलं. प्लॅटफॉर्म वर गेला. आवाज मोठा झाला नाही, सुकी फांदी मोडावी एवढाच. पुठ्ठ्याचा हात आमच्यासमोर येऊन पडला. हमालांचं हसणं थांबलं.

गोदामाचे मालक अंजूरकडचे, स्वतःच्या शेतजमिनीवर गोदाम बांधलेले. त्यांनी तो हात उचलून उलटसुलट पाहिला.

"पुठ्ठ्याचा हाय तो. जिता मानूस सरकंल ना बाजूला."

"दोन्ही हातांनी गाडी धरलेला कुठं सरकणार, दादा?"

"माल यायचा हाय माझा," मालक म्हणाले आणि माझ्या पावतीवर सही केली.

त्याच महिन्यात शेठनी त्यांना कामावरून कमी केलं. निघताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. "वळला गेलात तर डावा कोपरा बघत जा, ताई." पुढे ते नाशिककडे गेले, असं कानावर आलं. गाठ पडली नाही.

काही आठवड्यांनी मी लिफ्टच्या देखभालीच्या कामासाठी वळला गेले, तर पुठ्ठ्याचा माणूस त्याच कोपऱ्यात, उरलेल्या एका हातानिशी उभा. गळ्यात कुणाचा तरी गमछा, तोंडाच्या जागी खोचलेली विडी. हमाल म्हणाला, "ये चाचा की जगह है, मॅडम. यहाँ दूसरा कोई खडा नहीं होता." परत येऊन मी शेठना जाळीचं पुन्हा विचारलं. "चालतंय ना?" ते म्हणाले.

पावसाळा संपल्यावर मी गेले तेव्हा टोळी नवी होती. कोपरा रिकामा होता.

"इधर एक पुठ्ठे का आदमी था?"

"वो? भीग के सड गया था. रद्दीवाला ले गया."

सांगणारा पोरगेला हमाल दोन गाड्या ढकलत प्लॅटफॉर्मवर चढला आणि उरलेल्या जागेत, डाव्या कोपऱ्यात, मुठी आवळून उभा राहिला. कोपर कडेच्या बाहेर. कुणीतरी बटण दाबलं.

"उधर से हटो, भाई," मी मोटरच्या आवाजात ओरडले.

त्याला वाटलं, मी निघाले म्हणून सांगतेय. दोन्ही हात गाडीत गुंतलेले होते, म्हणून त्याने नुसती मान डोलावली, आणि प्लॅटफॉर्म त्याला घेऊन वर निघाला.