धाग्याचं टेन्शन

"टेन्शन धाग्याला असावं, माणसाला नव्हे," हे मिस्त्रींचं पालुपद.

शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात ते मशीनं लावून द्यायचे. त्यांच्या लेखी टेन्शन म्हणजे धाग्याची ओढ. बारीक स्क्रू पिळायचा, धागा दोन बोटांत धरून हळूच ओढायचा. बाकीचं बोटांना कळायचं. मुलगा विजेच्या खांबांवर चढणारा. त्याचं टेन्शन तारांतून वाहायचं, हात लागला तर माणसाचा कोळसा. डॉक्टर रक्ताच्या दाबाला टेन्शन म्हणायचे. आणि दार उघडं ठेवून नवऱ्याची वाट बघणारी सून म्हणायची, "मामंजी, तुमच्या दोघांचं टेन्शन पगार तरी देतं. माझं तेवढं फुकट."

साखरेच्या आजाराने मिस्त्रींची बोटं बधिर झाली. घरी हातातून चहाचा पेला निसटला, तेव्हा त्यांनी पेल्यालाच नावं ठेवली. कारखान्यात मात्र त्यांनी युक्ती काढली. धागा खालच्या ओठावरून ओढायचा. ओठाला अजून सगळं कळत होतं. शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, मिस्त्रीकाकांचं म्हातारपणी धाग्यावर प्रेम बसलंय. तेही हसायचे. हसण्याखाली पुष्कळ झाकता येतं.

मग पांढऱ्या शर्टांचं काम आलं. धागा चिवट, नायलॉनचा. त्याने ओठ कापला, आणि मिस्त्रींच्या ध्यानात येण्याआधी एका कॉलरवर लाल ठिपका उमटला.

देखरेखीच्या बाईंनी ती कॉलर उचलली. ओरडल्या नाहीत. रिकाम्या मशीनकडे बोट करून म्हणाल्या, "आता हातानं लावून दाखवा."

मिस्त्रींनी धागा बोटांत धरला. ओढला. पुन्हा ओढला. मग अंदाजाने स्क्रू पिळला. शिवण कापडाला चुण्या पाडत गेली. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली.

"हात गेले बाई," मिस्त्री म्हणाले. "ओठ आहे अजून."

उद्यापासून येऊ नका, हे बाईंनी इतक्या हळू सांगितलं की मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही.

मिस्त्रींनी पेचकस फडक्यात गुंडाळला आणि भर दुपारी ते बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या खांबावर त्यांचा मुलगा काम करत होता. तो वर असला की मिस्त्री भीतीने मान वर करत नसत. आजही केली नाही. मुलाने वरून पाहिलं. ओठावर रुमाल दाबून, घराकडे नव्हे, उलट्या दिशेला बाप चालला होता. हाक ओठांपर्यंत आली. पण खांबावरून कुणाला हाक मारायची नाही, लक्ष तारेवरच हवं, हे बापानेच त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.