टेकाडावरचा पहिला बैल

पांढुर्ण्याचे श्रीधरकाका निवृत्त पोस्टमन. पोरबाळ नाही, बायको रजनीकाकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या. घरात उरले ते बोरगावकडच्या टेकाडावरून उकरून आणलेले मातीचे बैल आणि हत्ती. लोक हसायचे. हसोत! खरं काय ते कळावं म्हणून काकांनी नागपूरहून एक अभ्यासक बाई बोलावल्या.

बाईंनी भिंगातून एकेक पाहिलं. बहुतेक सगळे खरेच प्राचीन निघाले. काकांना सगळ्यात आधी सापडलेला बैल मात्र त्यांनी बाजूला ठेवला.

"काका, हा नकली आहे. पिठाच्या चाळणीवर वाळवलाय. पोटाखाली जाळी उमटली, पाहा."

"माह्या हातानं उकरला मी! काहीबी बोलून राहिल्या तुम्ही!" काका तणतणले.

बाई गेल्यावर ते बैल घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकूंची चाळणी खिळ्यालाच टांगलेली होती. तुटलेल्या तारेसकट ठसा जुळला.

हा पहिला बैल सापडला त्या वर्षी ते टेकाडावरून रोज रिकाम्या हातानं परतत होते, नाद सोडायच्या बेतात होते. मग एका संध्याकाळी बैल रुमालात बांधून आणला. गाठ सोडायच्या आधीच काकूंनी दारातून विचारलं होतं, "आज तुम्हाले बैल सापडला नं?"